माझ्या शेतातला तिचा जंतू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तो जंतू आपोआप मेला नव्हता. मी त्याला मरू दिलं.

बिदरच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. नव्या प्रतिजैविकाच्या शोधात निम्मी नोकरी माती तपासण्यात गेली. जे मिळालं, ते आधीच कुणाला तरी मिळालेलं होतं. मग निंबर्ग्याची एक तरुण बाई आमच्या विभागात रुजू झाली. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतपूजेला, मी सगळ्यांना ठाणाकुशनूरच्या शेतात जेवायला नेलं. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं, जिथं आमच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या आंबील शिंपडत आले, तिथली चमचाभर माती तिनं डबीत घेतली.

"बाई, भज्जी सोडून माती कामून उकरायलाव?" बायको म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

काही आठवड्यांनी तिनं काचेची ताटली माझ्यापुढं धरली. दवाखान्यातल्या जखमेतून आलेला, औषधांना न जुमानणारा जंतू ताटलीभर पसरला होता. तिला मातीत सापडलेल्या जंतूच्या ठिपक्याभोवती मात्र स्वच्छ गोल, तिथं तो मरून गेला होता.

"सर, बघा की! तुमच्याच शेतातला हाय!"

ती मला आनंदात वाटा देत होती आणि तोच मला सोसेना. लहानपणापासून मी त्याच जागी जेवलो, कधी डबी नेली नाही.

"शेत आपलं आन् नाव बाईचं व्हय?" घरी बायकोनं थट्टा केली. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

बाळंतपणाला माहेरी जाताना त्या तरुण बाईनं आपल्या जंतूच्या सगळ्या नळ्या माझ्या हवाली केल्या. असे जंतू गोठवून ठेवायची सोय आमच्याकडं नाही. "नाजूक आहे सर. विरजणासारखं जपा, थोडं थोडं नव्या नळीत लावत राहा."

मी कपाट उघडायचो, नळ्या बघायचो, दार लावायचो. आतलं खाद्य आक्रसत गेलं. काम पाच मिनिटांचं होतं. हात उचलला नाही.

परतल्यावर तिनं खूप खटपट केली. काहीच उगवलं नाही. "मीच नीट ठेवलं नसंल," ती म्हणाली. मी म्हणालो, "व्हतंय असं."

आता दर येळवशीला ती तिथलीच माती नेते. तो गोल पुन्हा उमटला नाही. ती डबीचं झाकण लावते तेव्हा अजूनही माझ्या मनात येतं: सापडलं तर?

नळ्या मी वाळू दिल्या, तिची काही चूक नव्हती, हे तिच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.