ताईचा नापास लेखनिक

ताई गेल्यापासून आमच्या घरी माणसं भेटायला येतात ती चेहरा पाडून येतात. चहा होईपर्यंत चेहरा तसाच ठेवतात. मग एखादा कपातून तोंड काढून म्हणतो, "तुमच्या वैशालीनं एकदा काय केलं माहितेय का," आणि झालं. पडवीत एवढा हशा होतो की परवा शेजारच्या काकींनी आईला विचारलं, "काय गं, कोणाचं लगीन ठरलं काय?" प्रत्येक माणूस जाताना एक किस्सा ठेवून जातो. माझ्याकडे तर आधीपासूनच ढीग आहे. तो कुठेतरी उतरवल्याशिवाय मला झोप लागणार नाही, म्हणून हे लिहितोय.

तर वैशाली ही माझी थोरली बहीण. लहानपणी गोवर झाला, त्यात तिची नजर गेली. गेल्या भातलावणीला ताप आला, त्यात ती गेली. मधल्या काळात तिने राज्यशास्त्रात एम.ए. केलं. मी कशेळे ते कर्जत जीप चालवतो आणि सातवी पास आहे. आठवीचं नंतर सांगतो.

आमचं विद्यापीठ लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेला लागून आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या दिव्यांग कक्षाच्या म्हात्रे मॅडमची नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.

तिथेच ताई बी.ए. झाली. पदवी वाटायच्या दिवशी एका साहेबांनी तिला स्टेजखालीच अडवलं. "पायऱ्या आहेत, पडाल. तुम्ही बसा, आम्ही आणून देतो." आणि खरंच आणून दिली. पंगतीत भात वाढतात तशी हातात ठेवली आणि वाढपी पुढे गेला.

घरी येताना कर्जत आलं. ताई म्हणाली, "नित्या, एम.ए.ची मी वर चढून घेणार. पडली तर पडली."

पुढचं सगळं रामायण त्या स्टेजसाठी.

* * *

ज्याला दिसत नाही त्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. तो सांगतो, लेखनिक लिहितो. अट एकच. लेखनिकाचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी पाहिजे. बाकीची मुलं असा माणूस शोधत गावभर फिरायची. आमच्या घरात तो आयता होता.

मॅडमच्या शेजारचे क्लार्क म्हणाले, "कमी शिकलेला आहे, याला पुरावा काय?"

मी म्हटलं, "साहेब, बघून कळत नाय का?"

"तसं चालत नाही. दाखला आणा."

मी कशेळ्याला आमच्या शाळेत गेलो. हेडसरांना म्हटलं, मी आठवी नापास आहे असं लिहून द्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "नितीन, माझ्याकडे पोरं येतात ती नापासाचा शिक्का लपवायला. मागायला आलेला तू पहिलाच."

दाखला दिला. वर म्हणाले, "आणखी कमी पाहिजे असेल तर सांग. तुझी सातवीसुद्धा आम्ही ओढून काढलेली आहे."

* * *

एम.ए.ची पुस्तकं ऐकायला मिळतात म्हणे, पण आम्हाला पाहिजे ती मराठीत कुठेच नव्हती. ताईने त्यावर आपला उपाय काढला. ती माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायची आणि शेजारी जो कोणी वाचता येणारा बसेल त्याच्या मांडीवर पुस्तक ठेवायची. "जरा वाचता काय, कर्जत येईपर्यंत?"

नाही कोण म्हणणार? ग्रामसेवक वाचायचे, कॉलेजच्या पोरी वाचायच्या, खताच्या दुकानाचे मालक वाचायचे. मागे बसलेल्या बायकासुद्धा ऐकायच्या. एकदा एक आजी उतरता उतरता परत चढल्या. "थांब रं, राजाचं पुढं काय झालं ते ऐकून जाते."

फक्त कर्जतचा चारफाटा आला की सगळे उतरायचे. धडा कुठेही असो, पुस्तक मिटलं. मला काय वाचता येत नव्हतं? यायचं, पण मी गाडी चालवू की वाचू?

एकदा वर्गात सरांनी तिला एका विचारवंताबद्दल विचारलं. ताईने झकास सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"पुढे?" सर म्हणाले.

"सर, पुढचं मला माहीत नाही. हे मला फक्त चारफाट्यापर्यंत माहीत आहेत."

त्या सरांनी नंतर स्वतः फोनमध्ये वाचून उरलेले अर्धे विचारवंत तिला पाठवले.

* * *

आता परीक्षा. आम्हाला वेगळी खोली, एक पर्यवेक्षक आणि आम्ही दोघं. ताई हळू आवाजात सांगायची, मी लिहायचो. अक्षर माझं बरं आहे. हेडसरांचंही तेवढंच म्हणणं होतं.

एका पेपरात ती सांगू लागली, "पंचायत राज व्यवस्थेमुळे सत्ता गावातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली."

मी पेन खाली ठेवला.

"लिही रं."

"नाय लिहिणार."

"का?"

"कुठं पोचली? आपल्या वरच्या वाडीला अजून रस्ता नाय. सरपंचाचा भाऊ सही करतो आणि सरपंचबाई भाकऱ्या थापते. मी खोटं लिहीत नसतो."

"नित्या, पुस्तकात हाय ते."

"मग पुस्तकाला सांग येऊन बघायला."

पर्यवेक्षक धावत आले. "काय चाललंय? कॉपी चाललीय का?"

ताई शांतपणे म्हणाली, "नाही सर. माझा लेखनिक माझ्याशी असहमत आहे."

सरांना यावर कोणता नियम लावावा ते कळेना. ते जाऊन खुर्चीत बसले. ताईने थोडा विचार केला आणि सांगितलं, "लिही. तथापि काही अभ्यासकांच्या मते ही सत्ता प्रत्यक्षात वरच्या वाडीपर्यंत पोचलेली नाही. खरे सरपंच भाकऱ्या थापतात."

हे मी मन लावून लिहिलं. त्या पेपरात तिला सगळ्यात जास्त मार्क पडले. तेव्हापासून ती मला घरात हाक मारायची, "अहो काही अभ्यासक, जेवायला चला."

अजूनही जेवायच्या वेळी मी एकदा थांबतो. असो.

* * *

ताईसारख्यांना परीक्षेत जादा वेळ असतो. बाकीची मुलं गेली तरी आमचा पेपर चालू राहायचा. डिसेंबरातली संध्याकाळ. शिपायाने वर्ग एकेक करून बंद केले आणि आमच्याही खोलीतला दिवा घालवला.

मी ओरडलो, "ओ, लाइट का बंद केली?"

तो दारातून म्हणाला, "ही आंधळ्यांची खोली ना? त्यांना लाइट कशाला?"

मी बाकावरून उडी मारून त्याच्याकडे निघालो होतो. ताईने शर्ट धरला आणि शिपायाला म्हणाली, "काका, मला नकोच आहे. पण ह्याला दिसतं, त्याचं काय करायचं सांगा."

* * *

आमच्या कक्षातला दुसरा बहाद्दर म्हणजे खोपोलीचा इम्रान. चाकाची खुर्ची, एम.कॉम., आणि जीभ पाजळलेली. त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्टवर कागद चिकटवलेला होता. इम्रानने तो ताईला मोठ्याने वाचून दाखवला. "लिफ्ट बंद आहे. दिव्यांगांनी जिन्याचा वापर करावा."

माझं डोकं फिरलं. मी मागचापुढचा विचार न करता त्याला खुर्चीसकट उचलला आणि जिना चढू लागलो. पहिला मजला गेला. त्याच्या वरच्या वळणावर माझा दम संपला. वर जाता येईना आणि खाली उतरवायची हिंमत होईना. मी खुर्ची तिथेच टेकवली आणि शेजारी आडवा झालो.

इम्रान म्हणाला, "भाई, वर ने नायतर खाली ने. मधल्यामध्ये मला एम.कॉम. करता येत नाही."

तेवढ्यात त्याचे सर जिन्याने आले. खुर्चीने वाट पूर्ण अडवलेली. मागून सगळा वर्ग. सर बाजूने जाऊ पाहतात तर मी पसरलेला. शेवटी ते पायरीवर बसले आणि त्यांनी हजेरी घेतली. इम्रान तेवढ्यात म्हणतोय, "हजर सर, वेळेच्या आधीपासून."

दुसऱ्या दिवशी तो वर्ग तळमजल्यावर आला. लिफ्टवरचा कागद अजून तिथेच आहे.

* * *

मग एकदा बाहेरून तपासणीला समिती येणार होती. मॅडमनी किती वर्षं मागितलेल्या पिवळ्या फरशा एका रात्रीत बसल्या. त्या उंचवट्याच्या असतात, काठीला आणि पायाला लागतात, त्या धरून न दिसणारा माणूस एकटा चालतो. गेटपासून थेट आतपर्यंत पिवळा पट्टा गेला.

समितीच्या साहेबांनी ताईला विनंती केली, "जरा चालून दाखवता का?"

ताई आदल्या दिवशी त्यावरून फिरून आली होती. तरी हो म्हणाली. काठी टेकवत निघाली. तिच्यामागे समिती, समितीमागे कुलगुरू, त्यांच्यामागे फोटोवाला. पट्टा ऑफिसला वळला नाही, लायब्ररीला वळला नाही, कक्षाला तर नाहीच नाही. सरळ गेला आणि एका दारापाशी संपला.

पुरुषांची मुतारी.

ताई दारात थांबली आणि मागे वळून म्हणाली, "सर, इथपर्यंत मी कोणाच्याही मदतीशिवाय येऊ शकते. आता पुढे तुम्ही चला."

* * *

ती गेल्यावर थोड्या दिवसांनी विद्यापीठातून फोन आला. मी जीप भरून कर्जतला निघालो होतो. पलीकडचा माणूस म्हणाला, "वैशाली यांचा बोलणारा कॉम्प्युटर मंजूर झालाय. दोन वर्षांपूर्वीचा अर्ज आहे. त्यांनी स्वतः येऊन घेऊन जावा."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. फोन फेकला आणि गाडी सोडली. चारफाटा आला, मी थांबलो नाही. चौक गाव आलं, थांबलो नाही. मागे नऊ-दहा माणसं, कुणाला बँकेत जायचं, कुणाला दवाखान्यात. मासळीवाली आजी मागून म्हणाली, "नितीन, मारायचं आसंल तर आमी हाव."

तसे आम्ही सगळे, मासळीच्या पाटीसकट, दिव्यांग कक्षात घुसलो.

मॅडम एकट्या बसल्या होत्या. समोर तो कॉम्प्युटर चालू. त्यांचे डोळे सुजलेले. म्हणाल्या, "फोन मी करणार होते रे. त्याने आधी केला. माफ कर."

मग कोणाला मारायचं?

आजी कॉम्प्युटरपुढे जाऊन बसल्या. "ह्यो बोलतो काय? बोलवा बगू." मॅडमनी बटण दाबलं. त्यातला माणूस राज्यशास्त्राचं पान वाचायला लागला, एका सुरात, कुठेही न थांबता. आम्ही सगळ्यांनी उभं राहून ऐकलं. पान संपलं.

आजींनी पाटी उचलली. "बरा हाय. पन आपल्या पोरीसारकं भांडत नाय."

* * *

निकाल लागला तेव्हा ताई नव्हती. पहिला वर्ग आला. मॅडमनी फोन केला, "पदवी घ्यायला तू ये. आईला आण."

झगा मला आखूड होता. आई आणि इम्रान पुढच्या रांगेत बसले. मला पदवी घेणाऱ्यांच्या रांगेत एका कडेच्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर फक्त नंबर होता. थोड्या वेळाने बिल्ला लावलेली एक मुलगी आली, बहुतेक पहिल्या वर्षाची. तिने हातातल्या कागदावर माझा नंबर बघितला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादा, घाबरू नका. मी तुमच्यासोबत हाय. तुमचं नाव घेतलं की माझं कोपर धरा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ताईने उन्हाळ्यातच मॅडमच्या मागे लागून ही सोय करून घेतली होती. स्टेजला कठडा, सोबतीला माणूस, त्याला शिकवणी. आणि नंतर ती रद्द करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

माझे डोळे चांगले आहेत, हे माझ्या जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात माइकवर नाव घेतलं. वैशाली.

मी डोळे मिटले आणि तिचं कोपर धरलं.

"पायरी हाय," ती म्हणाली. "आणखी एक. उजव्या हाताला कठडा हाय, धरा."

धरला.

"आता सपाट हाय. समोर मोठे साहेब हायेत, लाल झगा घातलाय. हसतायत तुमच्याकडं बघून."

"आणि?"

"आणि लोकं टाळ्या वाजवतायत, दादा."

"ते ऐकू येतंय गं," मी म्हटलं. "दिसतंय काय ते सांग."