मांडीवर महालक्ष्म्या घेऊन अकोल्याला

लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा यांच्याकडे सायकल होती. फटफटी मागाहून आली. हे संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार या भागातल्या बागा फिरायच्या, झाडावरचा माल पाहायचा आणि बागवाल्याशी सौदा ठरवायचा, असं यांचं काम. व्यापाऱ्यानं स्वतःसाठी मोटार घेतली आणि आपली जुनी फटफटी यांच्या हवाली केली. ती इतकी लहान होती की शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे फटफटी होय, का फटफटीचं पिल्लू?"

तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजावं लागे. चालू झाली की मागून निळा धूर निघायचा आणि माझ्या लुगड्याला दोन दिवस त्याचा वास राहायचा. मला तो वास आवडत असे. हे मी कोणाला सांगितलं नाही.

माझं माहेर अकोल्याचं. आधी मी एसटीनं जायची. एसटीत मला नेहमी मधली जागा मिळायची, त्यामुळे कितीदा गेले तरी रस्ता असा काही पाहिलाच नव्हता. फटफटीवर मात्र सगळा रस्ता माझा झाला. दोन्ही बाजूंची कडुलिंबाची झाडं, काळी रानं, पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी, कुठे जिनिंगची चिमणी. कोणत्या विहिरीवर मोट चालते आणि कोणत्या शेतातला कुत्रा अंगावर धावून येतो, हे मला पाठ झालं. मैलाचे दगड बदलून किलोमीटरचे लागले त्या वर्षी हे म्हणाले, "पाह्य, अकोला दूर गेलं." मी दगडावरचा आकडा वाचला आणि मला खरंच वाटलं. दुसऱ्या दगडापर्यंत मी काळजीतच होते.

अमरावतीतून निघताना मी पदर डोक्यावरून ओढून दातात धरायची आणि खाली पाहायची. बडनेरा मागे पडलं की हे मान न वळवता म्हणायचे, "सोड आता पदर. इथून पुढं फक्त बाभळी पाहतात." मग मी पदर सोडायची.

मी कमी बोलते, लहानपणापासूनच. चौथीपर्यंत शाळेत होते. गुरुजींनी विचारलेलं मला येत असायचं, पण ओठ उघडत नसत. घरी मला 'मुकी' म्हणत. प्रेमानंच म्हणत, पण म्हणत. फटफटीवरही आमचं बोलणं बोटांनी चालायचं. यांच्या पाठीवर एकदा टिचकी मारली की हळू घ्यायची, दोनदा मारली की थांबवायची. हे मात्र सारा रस्ता बोलत असत. अर्धं वारा घेऊन जाई, अर्धं मला मिळे. तेवढं पुरत असे.

एका वर्षी आईच्या महालक्ष्म्यांचं काम निघालं. आमच्या अकोल्याच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे थोरली-धाकटी गौरी, बसतात. त्यांचे मुखवटे मातीचे, आईच्या सासूच्या वेळचे. त्या पावसाळ्यात घर गळलं आणि थोरलीच्या गालावरचा रंग पोपडे धरून निघाला. असे मुखवटे रंगवणारा एक म्हातारा कारागीर अमरावतीला आमच्या घरापासून जवळच राहायचा. श्रावणात बाबा दोन्ही मुखवटे घेऊन आले आणि त्याच्याकडे देऊन गेले. आणायला कोण जाणार, याची चर्चा मी अकोल्याला गेले तेव्हा निघाली. आई स्वतः निघायला तयार होती. तिचे गुडघे दुखायचे.

मी म्हटलं, "मी आणते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"हो."

आई हसली. म्हणाली, "मुकी बोलली म्हणजे आता देवीलेबी आयकावं लागन. पण बाई, दिवे लागायच्या आत आल्या पायजे. वेळ टळली तर वर्साची रीत मोडली म्हून समज. आजपावतर कधी मोडली नाई."

सगळं तिथपासून माझ्या अंगावर आलं. घरात कोणी माझ्यावर काही सोपवलं, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं होतं.

पण पाऊस थांबेना आणि रंग वाळेना. मी रोज कारागिराच्या दारात जाऊन उभी राहायची. तो काही न विचारता मान हलवायचा आणि मी परत यायची. महालक्ष्म्या यायच्या त्याच दिवशी सकाळी त्यानं डोळे काढले. डोळे शेवटी काढतात. दोन्ही मुखवटे टोपलीत कापसावर ठेवून त्यावर जुनं धुतलेलं लुगडं झाकून मी बाहेर आणले. सणाच्या गर्दीत एसटीत ते शाबूत राहणार नव्हते. यांनी फटफटी काढली.

आता एक गोष्ट लिहायला हवी. महालक्ष्मी एकदा जिथे टेकली तिथलीच होते, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आई मुखवटे उंबऱ्यातून आत आणायची तेव्हा जागेवर बसवेपर्यंत कुठे टेकवत नसे. मी मनात धरलं की वाटेत टोपली कुठेही टेकली तर देवी तिथल्याच होतील आणि आमचं घर रिकामं राहील. बरोबर की चूक, हे कोणाला विचारायला हवं होतं. विचारायचं म्हणजे बोलायचं. म्हणून नाही विचारलं.

टोपली मांडीवर घेऊन, दोन्ही हात खालून घालून मी एका बाजूला बसले. बडनेरा गेलं. हे आपल्या बोलण्यात रंगले आणि वेग वाढला. समोर पाण्यानं भरलेला खड्डा दिसला. टिचकी मारायची तर हात मोकळा कुठे होता?

मी ओरडले, "आयकलं का! हळू!"

फटफटी एकदम हळू झाली. यांनी मान वळवली. "कोन बोललं?"

"मीच."

"मले वाटलं टोपलीतून बोलल्या."

त्यानंतर मला बोलावंच लागलं. हळू. डावीकडून. बैलबंडी आहे. आता जाऊ द्या. रस्त्यावर ऐकायला कोणी नव्हतं. वारा शब्द घेऊन जायचा म्हणून आणखी मोठ्यानं बोलावं लागे. लोणी गाव येईपर्यंत मला त्याची मजा वाटू लागली होती. मी उगाचच म्हटलं, "तो बगळा पाहा." बगळा सांगायचं काहीच कारण नव्हतं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. हॉटेलवाला म्हणाला, "ठेवा ना बाई टोपली बाकावर." मी नाही म्हणून मान हलवली आणि उभीच राहिले. यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. बशीत चहा ओतला, फुंकला आणि बशी माझ्या ओठांना लावली. भर रस्त्यात!

मी पुटपुटले, "लोक पाहून राहिले."

"पाहू दे. मी तुले थोडीच पाजून राहिलो? ज्याच्या मांडीवर देवी, त्याले नैवेद्य."

मी तो चहा प्यायले. त्याच्याइतका चांगला चहा पुढे क्वचितच प्यायले असेन.

मूर्तिजापूर सोडलं, काटेपूर्णेचा पूल अजून यायचा होता, तेव्हा फटफटी दोनदा खोकली आणि बंद पडली. यांनी पान्ह्यानं प्लग काढला. तो काजळीनं काळा झाला होता. पॉलिश पेपरनं घासला, पुसला, पुन्हा बसवला. किक मारून मारून घामाघूम झाले तरी ती नुसती 'खुस' करायची. पश्चिमेला ढग चढत होते आणि ऊन कलतं झालं होतं.

"धक्का मारल्याशिवाय नाई होत हे," हे म्हणाले. "टोपली ठेव तिथं गवतावर, दोन मिनिटं."

"नाही."

"अवं, गवत सोवळंच हाय."

"नाही म्हटलं ना."

हे एकटे ढकलत थोडं पळाले, पण चढ होता. मी टोपली धरून मागे उभी. हात खांद्यापासून बधिर झाले होते. आई दारात येऊन रस्त्याकडे पाहत असेल, हे मला दिसत होतं. पराटीच्या शेतात बाया निंदत होत्या. त्या कंबर सरळ करून आमची गंमत पाहत होत्या. हाक मारायला हवी होती. यांना दम लागला होता, म्हणजे ती मीच मारायला हवी होती.

मी हाक मारली. पहिली माझ्या मलाच ऐकू आली. दुसरी मात्र धुऱ्यापार, शेताच्या बांधापलीकडे गेली. "अवो बाई, जरा या ना वं!"

पाच-सहा जणी विळे हातात घेऊनच आल्या. सर्वांत पुढे एक म्हातारी होती. ती म्हणाली, "काय व माय, लेकरू हाय का पदरात?"

"नाही. महालक्ष्म्या आहेत. अकोल्याला न्यायच्या आहेत, दिवे लागायच्या आत. ही बंद पडली."

म्हातारीनं विळा टाकला आणि लुगड्याला हात पुसले. "आण, मी धरतो. तू ढकल."

दुसऱ्या कोणाच्या हाती देणंही माझ्या मनात बसेना. मी टोपली आणखी जवळ धरली. म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं, नोको देऊ. तू देवी धर, आमी तुह्या नवऱ्याले ढकलतो."

सगळ्या हसल्या. हे फटफटीवर बसले. "बसा भाऊजी, नवरदेवावानी बसा," एक जण म्हणाली आणि सगळ्यांनी मिळून असा धक्का दिला की फटफटी चढावर सरसर गेली, खोकली, धूर सोडला आणि फटफट करत सुरू झाली. पण थांबवली तर पुन्हा बंद पडेल म्हणून हे थांबेनात. पुढे जाऊन वळून आले, आमच्यापुढून गेले, पुन्हा वळले.

"काऊन वो, बायको इथंच सोडता काय?" बायांनी ओरडून विचारलं.

"थांबता येत नाई!" हे ओरडले. "बसवून द्या तिले!"

तिसऱ्या फेरीला हे अगदी हळू आले. दोघींनी मला काखेत धरून उचललं आणि टोपलीसकट चालत्या फटफटीवर बसवलं. म्हातारीनं पळत पळत ओच्यातल्या तणातला केना-आघाडा माझ्या कमरेला खोचला. महालक्ष्म्यांच्या पूजेला तोच लागतो. बाकीच्यांना तो फेकायचा होता. म्हातारी मागे राहिली तेव्हा ती काहीतरी ओरडून सांगत होती. ते वाऱ्यानं नेलं.

पुढे पूल गेला, बोरगाव मंजू गेलं. पावसाचे चार थेंब आले तेव्हा मी पदर टोपलीवर धरला आणि डोकं उघडं पडलं. अकोल्यात शिरेपर्यंत ते उघडंच होतं, हे मला कळलंही नाही.

आई दारात उभी होती. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. दिवे अजून लागले नव्हते. समोरच्या घरात कोणी तरी काडेपेटी शोधत होतं. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती ताम्हण घ्यायला आत वळली, ओवाळायला बाहेर आली आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं विचारलं, "कोन आलं?"

दरवर्षी उत्तर शेजारच्या मामी देत. त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या. पण मीच म्हटलं, "महालक्ष्म्या आल्या."

मामींनी माझ्याकडे पाहिलं.

"काय घेऊन आल्या?"

"धनधान्य घेऊन आल्या. लेकरंबाळं घेऊन आल्या."

"कशानं आल्या?"

इथे सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. मागे हे फटफटी बंद करत होते, ती फट् करून एकदा शेवटची ओरडली. मामींना हसू आवरेना. मी मात्र रीतीचं उत्तर दिलं, पुरतं, मोठ्यानं. गल्लीतल्या लोकांनी ऐकलं.

आत गेल्यावर आईनं टोपली माझ्याकडून घेतली तेव्हा माझी बोटं सरळ होईनात. तिनं विचारलं, मी सांगितलं. वाटेत कुठेच टेकवली नाही. मूर्तिजापूरलाही नाही, शेताजवळही नाही.

आई माझ्याकडे पाहत राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "अवं येडे, बायेर त्या मातीच्याच असतात! ओवाळून उंबऱ्याआत घेतल्यावर देवी होतात. तुह्या बापानं नेताना त्या एसटीत पायापाशी ठेवल्या होत्या!"

हे दारातून म्हणाले, "म्हणजे मी सुदीक फुकटच बशी धरली."

मीही हसले. हात दुखत होते, पण वाईट वाटलं नाही. मी केना-आघाडा कमरेतून काढून आईच्या पुढे धरला. थोडा चुरगळला होता. तो कुठून आणला ते मी तिला सांगू लागले आणि सांगतच राहिले. बाया, म्हातारी, चढ, फेऱ्या, सगळं. बाबा कंदील पेटवायचे थांबून ऐकत होते.

आणि आई? उतरंडीवर लुगडी नेसवायची होती, तांदूळ पसरायचे होते, मखराला दोरी बांधायची होती. मामींनी चौरंग पुढे सरकवून म्हटलं, "ठेवा ना टोपली इथं तोवर."

"नोको," आई म्हणाली. सगळं मांडून होईपर्यंत ती टोपली दोन्ही हातांवर घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहिली आणि मला म्हणाली, "हं. मंग पुढं काय म्हणे थे म्हातारी?"