भेंडीच्या शेतातला कन्सल्टंट

ती घटना आजही आठवली की मी खुर्चीत ताठ होऊन बसतो. नोकरीत पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले, पण ही केस निवृत्तीनंतरची, वर्दी उतरवल्यावरची.

शहापूर-मुरबाड भागात बरीच वर्षं काढून मी आसनगावला घर केलं होतं. एक दिवस मुरबाडकडच्या एका गावातले भेंडी पिकवणारे शेतकरी दारात आले. नदीवर बसवलेल्या त्यांच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. तक्रार दिली होती, तपास चालू होता.

"तुमी आमचे कन्सल्टंट व्हा, साहेब," गटाचे अध्यक्ष म्हणाले. "आमचा संशय राखणदारावर हाय. तुमी फक्त त्याला बोलता करा."

राखणदार म्हणजे डोंगरातल्या वाडीवरून आलेला तिशीचा माणूस. बायको-मुलांसह नदीकाठच्या खोपटात राहायचा. तो चोर ठरला असता तर काम, खोपट आणि नाव, सगळं एका दिवसात जाणार होतं.

कन्सल्टंट हा शब्द ऐकून मला केवढा हुरूप आला! लगेच हुकूम सोडला: उद्या सकाळी सगळे देवळासमोर हजर. सकाळी गेलो तर देवळासमोर मी आणि एक म्हैस. बाकी सगळे भेंडी तोडायला गेलेले. एक दिवस राहिली तर भेंडी जून होते, ती काय माझ्यासाठी थांबणार? आणि समन्स काढायची सोय आता नव्हती. मुकाट शेतात गेलो, हातमोजे मागून घेतले आणि भेंडी तोडता तोडता चौकशी सुरू केली. पोलीस ठाण्यात माणूस साहेबाचा चेहरा बघून उत्तर देतो. हात कामात असले की तो बराच मोकळा बोलतो, हे मला त्या सकाळी कळलं.

आधी राखणदाराला गाठलं.

"दुपारचा आईला भाकर द्यायला वाडीवर जातो, साहेब. तवा लाइट नसते, मोटारी बंद. येऊन बघतो तर मोटार नाय. मी नाय नेली."

मान खाली होती, पण भेंडी खुडणारा हात एकदाही थबकला नाही. मला तो खरा वाटला. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

पुढच्या ओळीत एक आजी माझ्याकडे बघून हसत होत्या. "ओ सायब, कवळी तोडा! ती जून हाय." मग सहज म्हणाल्या, "माझी मोटार कोन नेत नाय बघा. जुनी खटारा. ज्यांनी नवी भरून आणली, त्यांच्याच गेल्या."

मोटार भरणं म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळून घेणं. मी जागीच थांबलो. बाहेरून सगळ्या मोटारी सारख्याच गंजक्या. आत नवं तांबं कुठल्या मोटारीत आहे, हे मालकाखेरीज कोणाला ठाऊक? जो भरतो त्याला! मी ओळीओळीने धावत विचारत सुटलो. चोरीला गेलेल्या सगळ्या मोटारी मुरबाडच्या एकाच दुकानात भरलेल्या निघाल्या.

असं वाटलं, तडक जाऊन त्या दुकानदाराची कॉलर धरावी. पण मला ना अटकेचा अधिकार, ना झडतीचा. पोलीस ठाण्यात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसलो. तरुण इन्स्पेक्टरने सगळं ऐकून घेतलं.

"सर, तर्क पटतो. पुरावा?"

"देतो. साध्या वेशातले दोन जवान द्या."

आजींची खटारा त्याच दुकानात भरायला टाकली. परत आल्यावर दोन पंचांसमोर तिच्या बैठकीखाली ठोकून खूण केली आणि ती नदीवर बसवली. मग रोज दुपारी जवान भेंडीत दबा धरून बसायचे, मी आजींबरोबर बांधावर. घरी रोज भेंडीची पिशवी जायची. बायकोने शेवटी हात जोडले.

आणि एका दुपारी टेम्पो आला! दुकानदार स्वतः उतरला, सोबत एक गडी. बिनधास्त पाना काढून नटबोल्ट सोडवायला लागला. बघणाऱ्याला वाटावं, दुरुस्तीलाच नेतोय. मोटार टेम्पोत चढली आणि मी सवयीने ओरडलो, "धरा!" जवान केव्हाच धावले होते. पंचनाम्यात खूण सापडली, दुकानामागे बाकीच्या मोटारींची तांबं काढलेली रिकामी खोकी सापडली. दुकानदाराने कबुली दिली. कागदोपत्री माझं नाव कुठेच नव्हतं आणि तरी मी घरी शीळ वाजवत गेलो.

दुसऱ्या दिवशी खोपटावर गेलो तर राखणदार भांडीकुंडी बांधत होता. मला बघून थांबला.

"साहेब, तुमी लोकांना सल्ला देता ना? मंग मला सांगा. समद्यांनी मला चोर ठरवला व्हता. ऱ्हाऊ का जाऊ?"

इतकी वर्षं मी माणसांना बस, ऊठ, बोल, चल एवढंच सांगत आलो होतो. काय करू, असं मला कोणी विचारलंच नव्हतं.

"राहा," मी म्हणालो. "पण आज कामावर जाऊ नकोस. अध्यक्ष इथे येईपर्यंत खोपटातच बस."

मग अध्यक्षांकडे जाऊन सगळं सांगितलं. हुकूम देता येत नव्हता. ते चपला घालून निघाले. मागोमाग आजी, मागोमाग सगळा गट, हातातली भेंडी तशीच टाकून.

खोपटासमोर अध्यक्ष म्हणाले, "चुकला आमचा. आज भेंडी जून झाली तरी चालंल, तू जाऊ नको."

राखणदाराने बोचक्याची गाठ सोडली. दांडक्याशिवाय दिलेला माझा पहिला सल्ला एका माणसाने मानला होता.