दहावा शब्द

दर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मला मुंबईहून फोन येतो. आमच्या समाजाच्या मंडळातर्फे एक बाई करतात. गावोगावी एकेकटे उरलेले जे म्हातारे बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, आहेत, त्यांची त्या विचारपूस करतात. गोळ्या घेतल्या का, जेवण झालं का, उद्या संध्याकाळी शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावायला तेल आहे का. मी याला हजेरी म्हणतो. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत मी दुसऱ्यांची हजेरी घेतली, आता कुणीतरी माझी घेतं.

पहिल्या वर्षी मी त्या बाईंवर खेकसलोच होतो. मंडळानं एक छापील अर्ज पाठवला होता आणि त्यात ‘निराधार’ असा एक रकाना होता. मी अर्ज टराटरा फाडला. पेसाहच्या सणाला बिनखमिराच्या रोट्यांचं पार्सल आलं, तेही परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी मात्र मुकाट्यानं ठेवून घेतलं, कारण तसली रोटी इकडे मिळत नाही आणि माझ्या हातची फार वाईट होते.

मी वणीजवळच्या राजूरला राहतो. नोकरीनं आणलं आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. जिल्ह्यात आमच्या धर्माचं दुसरं घर असेल तर मला ठाऊक नाही. आम्ही मूळचे कोकणातले. तिथे आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. इथे कुणी ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं की मी तेच सांगायचो. ‘मंग तेलीच नं! काहून येवढं लांबून सांगता?’ असं म्हणून लोक मोकळे व्हायचे. बायको आतून हसायची. घरात दोघं होतो तोवर आम्हाला समाजाची गरज वाटली नाही. बोलायला एक आणि चिडायला एक, एवढ्यावर आमचं भागत होतं.

ती गेली तेव्हा मुंबईहून नातेवाईक येईस्तोवर दुसरा दिवस उजाडला. जवळच्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पाद्रीबाबांनी कडेची जागा दिली. आमचे पुरुष जमले सहा. मृताच्या मागे जी प्रार्थना म्हणायची, कद्दीश, ती दहा पुरुष हजर असल्याशिवाय म्हणता येत नाही. भोवती माझ्या खाणीतली शंभर माणसं डोक्याला रुमाल बांधून उभी होती, रडतही होती. पण नियमाला ती चालत नव्हती. कद्दीश राहून गेली. आजारपणात ती एकदा म्हणाली होती, ‘माझ्यासाठी दहा जणांत म्हणवून घ्या हं. तुमच्या तिरसटपणापायी राहायची नाही तर.’ मी म्हटलं होतं, ‘घेईन.’ याला पाच वर्षं झाली.

मुंबईला जाऊन करता आलं असतं. हजेरीवाल्या बाई दर वर्षी सांगायच्या, ‘या ना, राहायची सोय करू, मलिद्याचा कार्यक्रम आहे, भेटीगाठी होतील.’ मी म्हणायचो, गुडघे दुखतात. गुडघे दुखतातच, पण खरं कारण ते नव्हतं. चार लोक माझ्याकडे बघून ‘बिचारे’ म्हणतील, ते मला नको होतं.

मग त्यांनी मला रविवारच्या वर्गात ओढलं. फोनच्या पडद्यावर हिब्रू वाचायला शिकवतात. चौकोनाचौकोनांतून बायका, मुलं, इस्रायलला गेलेल्या कुणाच्या तरी मराठी बोलणाऱ्या आज्या. मी आवाज बंद ठेवून बसायचो. वर्ग संपला की सगळे एकदम हात हलवत आणि पडदा काळा होई. त्यानंतरचं घर मला सहन होत नसे. मी उगाच भांडी घासायला घ्यायचो, घासलेलीसुद्धा.

या वर्षी बाईंनीच तोड काढली. मुंबईच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये तिच्या पुण्यतिथीच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेला दहा जण उभे करायचे, कद्दीश तिथला हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, म्हणणार आणि मी इथून फोनवर ऐकत आमेन म्हणायचं. दहा एका छपराखाली असले की अकराव्यानं दुरून ऐकलं तरी चालतं. मला हे पटलं. कुठे जायला नको आणि वचनही पुरं.

त्या दिवशी मी मलिदा केला. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, खजूर. वर केळी, पेरू, सीताफळ. शेजारची बंजारा बाई नारळ खोवून द्यायला आली. तिचा नवरा माझ्याच हाताखाली होता.

‘काका, येवढा कोनासाठी करून राह्यले?’ तिनं विचारलं.

‘दहा जणांच्या मापानं हात पडला,’ मी म्हणालो.

दिव्याच्या ठाणवईवर फोन उभा केला, डोक्यावर टोपी घातली आणि बायकोच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. पडद्यावर सिनेगॉगचे उंच दिवे आणि रिकामी बाकं दिसत होती. पुरुष एकेक करून आले. आमच्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. प्रार्थनेतलं दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की दहा झाले. हज्जाननं म्हणायला सुरुवात केली. नऊ शब्द झाले आणि तो थांबला.

‘एक जण रस्त्यात आहे,’ तो म्हणाला. सगळे दाराकडे बघायला लागले. मीही बघत होतो, पण मला दार दिसत नव्हतं, त्यांच्या माना दिसत होत्या. आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा चांगला वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो. माझ्या खिडकीत सूर्य बुडाला. आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणजे माझ्यापुरता तिचा दिवस संपला. तिथे अजून ऊन होतं आणि ते थांबले होते. एकजण म्हणाला, ‘ते फोनवरचे धरले तर?’ हज्जान हळूच म्हणाला, ‘तसं चालत नाही.’ मला ते ऐकू गेलं. तिथे असतो तर वचन माझ्यावर पुरं झालं असतं. मी नवरा होतो, घरात होतो, टोपी घालून उभा होतो, आणि मोजणीत नव्हतो.

रस्त्यातला माणूस आलाच नाही. त्यांनी स्तोत्रं म्हटली, कद्दीश सोडून. मी आमेन म्हणायला आवाज सुरू केला तेव्हा तिकडचा फोन बंद झालेला होता.

शेजारीण मलिद्याचं ताट न्यायला आली. ‘झालं का काका बराबर?’

‘झालं,’ मी म्हणालो. तिच्याशी मी सहसा खोटं बोलत नाही.

गुरुवारी हजेरीचा फोन आला. बाई माफी मागायला लागल्या. म्हणाल्या, ‘हल्ली असंच होतं हो. मागच्या आठवड्यात एकांच्या आईचा दिवस होता, तेव्हाही नऊच. पुढच्या सोमवारी आणखी एकांचा आहे, तिथेही आत्तापर्यंत नऊच दिसतायत.’ त्या पुढे गोळ्यांचं विचारत होत्या, पण माझं लक्ष उडालं होतं. पाच वर्षं मी माझ्या दहा जणांची वाट बघत बसलो होतो. पाच वर्षं तिकडे कुणी ना कुणी दाराकडे बघत होतं. मला लाज वाटली. बायकोसमोर वाटली असती तशी.

‘सोमवारी किती वाजता?’ मी विचारलं.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन कुलूप लावत होतो, तर शेजारीण ओट्यावर आली. पाच वर्षांत तिनं मला वणीच्या पुढे जाताना पाहिलं नव्हतं. किल्ली हातात घेत म्हणाली, ‘कुठं निंगाले काका?’

‘मुंबईले.’

‘कोन हाय तिथं तुमचं?’

‘नाव मले माहीत नाही,’ मी म्हणालो. ‘त्याच्यापाशी नऊ जण आहेत.’