फौजी दोस्ताचा सीव्ही अन् मी खोडलेली ओळ

ग्रुपवाल्यांनो, आज माह्या पोटात लय दुखून राहिलं, म्हणून लिहितो.

शाळेतला दोस्त गजू सतरा वर्षं फौजेत राहून अमरावतीले परत आला. दुबईच्या नोकरीसाठी सीव्ही पाहिजे म्हणून दुपारी माह्या टायपिंगच्या दुकानात आला. फौजेबद्दल त्यानं कागदावर एवढंच लिहिलं होतं: नंबर, हुद्दा, युनिट.

"अबे, तिकडच्यायले हे काय समजन? काम काय केलं ते सांग."

"जे सांगितलं ते केलं."

खोदून खोदून विचारलं, तेव्हा निघालं. बर्फात चाळीस गाड्या चालू ठेवल्या, बारा माणसं सांभाळली.

मी टाइप करत होतो अन् जळत होतो. अकोल्याच्या भरतीत आमी दोघं संगंच पळालो होतो. तो निवडला गेला, मी चार सेकंदानं राहिलो.

खरं सांगतो, बारा माणसांची ओळ मी गुपचूप खोडली.

प्रिंट पाहून गजू खूश. म्हणे, "एक नंबर! तुहा सीव्ही तर याहून भारी असन. दाखव ना बे."

मी फाइल पुन्हा उघडली. ती ओळ परत टाकली अन् दुसरी प्रिंट काढून देली.

इतकी वर्षं सगळ्यायचे सीव्ही बनवून राहिलो. माहा कधी बनवलाच नाही. आज बनवायले बसलो, तर नावाच्या खाली काय लिहू, सांगा बरं?