एका खिळ्याचे दोन

ओल्या गोणपाटात दाबून भरलेल्या शेवंतीचा वास कडवट असतो; देवापुढच्या शेवंतीला तो येत नाही. नव्वदचे दशक सरत होते. मार्गशीर्षातली ढगाळ दुपार, सकाळपासून गेलेली वीज, आणि नाशिकबाहेरच्या आमच्या मळ्यातली पडवी त्या वासाने इतकी गच्च भरलेली, की उजेडाला आत शिरायला जागाच उरली नव्हती.

आई आजारी पडून वर्ष झाले होते. डॉक्टर आता तिच्याशी फक्त थंडीवाऱ्याबद्दल बोलत. मी शहरात शिकवत असे आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीने तिची उस्तवार करायला येत असे. घरात तिचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता. फ्लॅश उडाला की तिच्या पापण्या मिटत. स्वतःच्या लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंत प्रत्येक फोटोत ती झोपलेली. मला तिची नजर हवी होती, आणि वेळ फार नव्हता.

शाळेतल्या एका बाईंचा कॅमेरा मागून आणला. "फ्लॅश नको तर चारशेचा रोल लागेल, तो कमी उजेडात चालतो," स्टुडिओवाल्याने बजावले होते; पण त्याच्याकडे शंभरचाच होता. भिंग पुरते उघडले तरी उजेड मोजणारी आतली सुई वर येईना. अखेर अर्ध्या सेकंदावर ती कशीबशी टेकली. तेवढा वेळ कुणीच हलायचे नाही. फुलांचे दोन क्रेट एकावर एक उपडे घालून मी त्यांवर कॅमेरा ठेवला. भिंतीवरचे भडक कॅलेंडर काढले. मागे नुसता खिळा उरला. बाहेरचा उजेड आईच्या गालावर पाडायला वहिनी दाराशी स्टीलची परात तिरकी धरून बसली.

"डोळ्यात नको घालू गं उजेड," आई करवादली.

"लाजताय कशाला, आत्याबाई? नवरी हाय का तुम्ही?" वहिनी सासूला म्हणाली.

"हार घालायचा फोटो हाय हा, ठाऊक हाय मला. झेंडूचा नका घालू, लय भडक दिसतो. शेवंतीच घाला."

परात कलली. "वहिनी, धरा ना नीट," मी म्हणाले.

रिकाम्या हातांनी आईला स्थिर बसताच येईना. "दोरा दे इकडं," ती म्हणाली. "गाठ मारताना मी श्वास घेत नाय. तवा काढ."

खरेच होते ते. हार गुंफताना दर चार फुलांनंतर गाठ पडे आणि त्या क्षणी ती पुरती थांबे; जन्मभर मी ते पाहिले होते, पण ध्यानात कधी आले नव्हते. गाठ मारताना तिला दोऱ्याकडे बघावे लागत नसे. माझ्याकडे बघत तिने दोरा आवळला. मी कळ दाबली.

"हलले का मी?"

आठवड्याभराचा शीण, एसटीत ताटकळून भरून आलेले पाय, सगळे माझ्या आवाजात उतरले. "हललीस. एवढंही जमत नाही तुला, आई."

तिने पुढची चार फुले उचलली.

पुढच्या शनिवारी मी फोटो घेऊन गेले. डोळे उघडे होते. मात्र पापण्या, शेवंती, दोरा, सारेच दुहेरी उमटले होते. आईने तो उंबऱ्याशी नेऊन उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. मग तिचे बोट फोटोतल्या मागच्या भिंतीवर थांबले. तिथे एका खिळ्याचे दोन झाले होते.

भिंत काही हलत नाही. कळ दाबताना माझ्याच बोटाने क्रेटसकट कॅमेरा ढकलला होता.

आईने फोटो पदराने पुसला, माझे मनगट हातात घेतले आणि म्हणाली,

"दमलीस."