बावीस जणांचं एकच सिमला

चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात कापडदुकानावरच्या एका खोलीत, परदेशी निघालेल्या मुलामुलींना मी इंग्रजी बोलायला शिकवत होते. आमच्या ह्यांची बदली जवळच्याच चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत झालेली, मुलगा शाळेत, दुपार मोकळी. क्लासच्या मालकांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात तीन कागद दिले. भूतकाळाचा कागद: मी काकांबरोबर सिमल्याला गेले होते. वर्तमानकाळाचा: मी रोज सहाला उठते. भविष्यकाळाचा: शिकून मी देशाची सेवा करेन. तोंडी परीक्षेत काहीही विचारलं तरी यातलंच काहीतरी बसवायचं, हे त्यांचं शास्त्र. बावीस जणांची बॅच आणि सगळे एकाच बसने, एकाच काकांबरोबर सिमल्याला जाऊन आलेले.

माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं. घडून संपलेलं वेगळं, आणि घडलं तरी ज्याची झळ अजून लागतेय ते वेगळं. इंग्रजी क्रियापद त्यासाठी निराळं रूप घेतं. भविष्यासाठी तर बिचारं स्वतःचं रूपच बदलत नाही, कधी विल घेतं, कधी गोइंग टू, तर कधी वर्तमानकाळावरच भागवतं. हे मी फळ्यावर लिहून समजावत होते. मालक दारातून म्हणाले, “मॅम, इतना डीप मत जाइए, रटवा दीजिए.”

त्या बॅचमध्ये एक नर्स होती. बाजारामागच्या गल्लीत राहणारी, दवाखान्यातली ड्युटी संपवून धावत येणारी. तिला बाहेरच्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं होतं. या खेपेला ती परीक्षा पास झाली नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. सिमला तिने पाहिलं नव्हतं. सिमल्याचा घाट जिथे सुरू होतो, त्या कालक्याच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती.

एकदा मी तिला म्हटलं, तुझा खरा प्रवास सांग. तिने वडिलांना टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेल्याचं सांगितलं. सलाइनची बाटली हातात उंच धरलेली, आणि वडील वाटेतली दुकानं मोजत होते, म्हणजे आपण शुद्धीवर आहोत हे तिला कळावं. क्रियापदं घसरत होती, काल घडलेलं आज घडत होतं, पण मला तो टेम्पो दिसत होता. आठवडाभर आम्ही तेवढंच केलं. रूपं हळूहळू जागेवर आली.

मालकांनी ते ऐकलं आणि मला बाहेर आपल्या टेबलाशी बोलावलं. एक क्रियापद चुकलं तरी मार्क जातात, जबाबदारी तुम्ही घेणार का, असं विचारलं. वर्षभराने आमची पुन्हा बदली, कशाला वाद घाला, हा माझा हिशेब. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, वडिलांचं बोलू की सिमल्याचं. मी म्हटलं, सिमल्याचं बोल, सेफ आहे.

परीक्षकांनी प्रवासाबद्दलच विचारलं. तिने घडाघडा म्हणून दाखवलं, एकही क्रियापद न चुकता. मग त्यांनी विचारलं, बसच्या खिडकीतून काय दिसत होतं. ते कागदावर नव्हतं. ती नापास झाली आणि जागा गेली.

कागद परत द्यायला आली तेव्हा मी तिच्यावरच चिडले, ही माझी लाज. झाडं सांगायचीस, बर्फ सांगायचास, एवढंही सुचू नये का, असं बोलून गेले. ती शांतपणे म्हणाली, “मॅम, मैं गई ही कब थी? मैं तो पापा के साथ अस्पताल गई थी.”

त्याच संध्याकाळी मालकांनी नव्या बॅचसाठी तेच कागद माझ्या हातात दिले. फाडून त्यांच्या टेबलावर टाकायला हवे होते. मी ते वाटले.